तळहातापासून भोंग्यापर्यंत

जुन्या मोटारीच्या स्टेअरिंग चाकावर झिजेचे दोन प्रकार दिसतात. कडेवरची झीज बोटांची असते. चालकाच्या सवयीप्रमाणे ती डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली असते, उन्हाने तडकलेल्या काळ्या द्रव्यात घामाचे आणि तेलाचे पुट मुरून तिला एक मऊ चकाकी आलेली असते, आणि चाक कोणत्या हाताने अधिक ओढले गेले याचा अंदाज जाणकाराला त्यावरून बांधता येतो. मधोमध बसवलेल्या वाटोळ्या बटणावरची झीज मात्र तळहाताची, नेमके सांगायचे तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्याची असते. तिथे कारखान्याचे बोधचिन्ह उठवलेले असेल तर त्याच्या रेषा एकाच बाजूने पुसट झालेल्या असतात, कारण हॉर्न दाबणारा माणूस हात उचलून नीट मधोमध ठेवत नाही, कडेवरची बोटे न सोडता तळवा तिरका आत झुकवतो. ही हालचाल पाहून केली जात नाही. गल्लीच्या तोंडाशी एखादे मूल चेंडूमागे धावत आले तर डोळे मुलावर असतात, पाय ब्रेकवर गेलेला असतो, आणि तळव्याने आपली जागा तोवर शोधलेली असते.

हॉर्न असा चाकाच्या मध्यावर स्थिरावला तो बऱ्याच भटकंतीनंतर. मोटारींच्या पहिल्या पिढीत आवाज देण्याचे काम रबरी फुग्याच्या पितळी भोंग्याकडे होते. तो दाराबाहेर, चालकाच्या हाताच्या टप्प्यात बसवलेला असे, आणि फुगा दाबला की आतली हवा एका पातळ पातीला थरथरवून नळीतून बाहेर पडे. मराठी मुले खेळातल्या गाडीला आजही जो ‘पों पों’ आवाज देतात तो या फुग्याचा आहे, जरी त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो फुगा कधी पाहिलेला नसतो. पुढे १९०८ च्या सुमारास अमेरिकेत क्लॅक्सन आला. त्यात एक दातेरी चाक धातूच्या ताणलेल्या पडद्यावरील खुंटीला घासत फिरे आणि त्यातून कर्कश, चढत जाणारी आरोळी निघे. त्याचा शोधक मिलर रीस हचिसन याने त्याआधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र बनवले होते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना ऐकवणे आणि ज्यांना येते त्यांना दचकवणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून व्हावीत, यात विसाव्या शतकाचा स्वभाव बराच उमटला आहे.

त्यानंतरचा हॉर्न, जो थोड्याफार फरकाने आजही चालतो, तो विद्युतचुंबकावरचा आहे. वीज सुरू झाली की चुंबक पोलादी पडद्याला ओढतो. पडदा ओढला गेला की त्याच हालचालीने विजेचा एक छोटा स्पर्शबिंदू, ज्याला कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात, तो उघडतो. वीज तुटते, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा मिटतो. ही उघडझाप सेकंदाला काही शे वेळा होते आणि कानाला तिचा एक अखंड स्वर ऐकू येतो. या यंत्राला लागते ती फक्त एक तार आणि ती जोडणारे-तोडणारे एक बटण. म्हणून बटण कुठेही बसवण्याची मुभा मिळाली, आणि त्या मुभेत पुष्कळशा कारखान्यांनी चाकाचा मध्य निवडला. त्यामागचा विचार साधा होता. चाक वळते तेव्हा कडेवरचा प्रत्येक बिंदू आपली जागा सोडतो, मध्यबिंदू सोडत नाही. चाक कितीही फिरलेले असो, हाताला मध्य सापडतो. फ्रान्समधल्या काही कारखान्यांनी मात्र हॉर्न चाकाशेजारच्या दिव्यांच्या दांडीच्या टोकावर ठेवला, सिट्रोएनची टूसीव्ही हे त्याचे उदाहरण, आणि तिथल्या चालकांची बोटे त्या जागेला तितकीच सरावली. तेव्हा मध्य हीच हॉर्नची नैसर्गिक जागा, असे विधान करता येणार नाही. ती त्या त्या गाडीची जागा, एवढेच.

मध्य निवडला की एक अडचण आपोआप पुढे येते: फिरणाऱ्या वस्तूपर्यंत तार न्यायची कशी? सरळ नेलेली तार चाकाच्या चार वळणांत दोरीसारखी पिळली जाऊन तुटेल. ब्रिटिश कारागिरांनी यावर काढलेला एक तोडगा विलक्षण होता. चाकाचा दांडा त्यांनी पोकळ केला आणि त्या पोकळीतून एक बारीक नळी थेट खालच्या स्टेअरिंग बॉक्सच्या, म्हणजे चाकाचे फिरणे पुढच्या चाकांच्या वळण्यात बदलणाऱ्या दातेरी पेटीच्या, पलीकडच्या तोंडापर्यंत नेली. या नळीला स्टेटर ट्यूब म्हणतात. ती खाली एका नटाने घट्ट आवळलेली असते आणि वर तिच्या माथ्यावर हॉर्नचे बटण, कित्येकदा वळण दाखवणाऱ्या दिव्यांचा खटकासुद्धा, बसवलेला असतो. चाक तिच्याभोवती फिरते, ती जागची हलत नाही, आणि तिच्या पोटातून गेलेल्या तारांना पीळ पडत नाही. जात्याची वरची तळी ज्या खिळीभोवती फिरते ती खीळ जशी खालच्या तळीत रुतून स्थिर असते, तशीच ही मांडणी. फरक इतकाच की इथल्या खिळीतून वीज वाहते. तिच्या तळाशी नट सैल पडला तर बॉक्समधले तेल तारांसोबत बाहेर झिरपू लागते, आणि अशा गाड्यांच्या खाली जमिनीवर जो काळा डाग दिसतो त्याचे कुळ कधीकधी थेट हॉर्नच्या बटणापर्यंत पोहोचते.

दुसरा तोडगा कडी आणि कार्बनचा. फिरणाऱ्या भागावर पितळेची किंवा तांब्याची एक गुळगुळीत कडी बसवायची आणि स्थिर भागातून एक स्प्रिंगवर रेटलेला स्पर्शक, म्हणजेच ‘कार्बन’, तिला सतत घासत ठेवायचा. कडी फिरत राहते, स्पर्श सुटत नाही. १९६० च्या दशकातल्या फोर्ड मस्टँगमध्ये चाकाच्या पाठीमागे अशा कड्या आहेत आणि त्यांना टेकणारे स्पर्शक दिव्यांच्या खटक्यावर बसवलेले आहेत. तिसरी रीत आणखी काटकसरीची आहे. मोटारीचे सारे लोखंडी अंग विजेच्या परतीची वाट म्हणून वापरले जाते, आणि या परतीला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. म्हणून हॉर्नला बॅटरीकडून वीज कायम पोहोचवून ठेवायची आणि बटणाने फक्त तिची परतीची वाट मोकळी करायची, एवढे पुरते. एकच तार चाकापर्यंत न्यावी लागते, आणि बटण दाबले की ती दांड्याच्या लोखंडाला टेकते. दांडा, बॉक्स, चेसिस, बॅटरी असा तो फेरा पूर्ण होतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या रंगसंकेतात हॉर्नकडून बटणाकडे येणारी ही तार पुष्कळदा जांभळी आणि तिच्यावर काळी रेघ अशी आढळते. इंजिनाच्या उष्णतेने विटून तपकिरी झालेल्या तारांच्या जुडग्यात ती रेघ शोधणे हे डोळ्यांची कसोटी पाहणारे काम आहे.

या तिन्ही रचनांचे एक वैशिष्ट्य असे, की त्या स्टेअरिंगच्या रचनेत विरघळून गेलेल्या असतात. हॉर्न हा वेगळा भाग आणि स्टेअरिंग हा वेगळा भाग, असे सुट्या भागांच्या यादीत असेल. गाडीत तसे नसते. म्हणूनच स्टेअरिंग बदलण्याचा निर्णय होतो तेव्हा हॉर्नचा विचार कोणाच्याही मनात येत नाही.

तो निर्णय होतो तो मात्र बहुधा सबळ कारणाने. जुन्या स्टेअरिंग बॉक्समधला मळसूत्री दांडा झिजला की चाक मध्यावर पोकळ लागते, चार बोटे फिरवले तरी गाडी सरळच जाते, आणि त्या जातीचा नवा दांडा जगात कुठेच तयार होत नसतो. काही गाड्यांत बॉक्स उत्तम असतो पण मालकाचे खांदे तसे राहिलेले नसतात. उभ्या गाडीचे चाक वळवायला लागणारा जोर पंचविशीत जाणवत नाही, सत्तरीत जाणवतो, आणि मूळच्या अरुंद टायरऐवजी रुंद रेडियल टायर घातले असतील तर तो आणखी वाढतो. शिवाय जुना दांडा म्हणजे पुढच्या भागापासून चालकाच्या छातीपर्यंत रोखलेला एकसंध लोखंडी भाला होता, आणि समोरून धडक बसली तर त्याचे काय होई हे त्या काळच्या डॉक्टरांना ठाऊक होते. आघाताने दुमडणारा दांडा अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९६७ सालच्या गाड्यांपासून मोठ्या प्रमाणावर आला. त्यापूर्वीच्या गाड्या चालवणे हे त्या भाल्यासमोर विश्वासाने बसणे होते. विश्वासाचा हा प्रकार नातवंडांना गाडीत बसवताना डळमळला, तर त्यात दोष मानता येत नाही.

अलीकडे या बदलाचे सर्वात रूढ रूप विजेच्या साहाय्याने हलके होणारे स्टेअरिंग हे आहे. एखाद्या आधुनिक लहान मोटारीतून काढलेला, स्वतःची विद्युतमोटर असलेला दांडा जुन्या दांड्याभोवतीच्या नळकांड्यात अशा खुबीने बसवतात की वरून काहीच दिसू नये: तेच चाक, तोच कोन, तोच रंग. या दांड्याच्या पोटात एक पातळ पिळदांडी असते. चालकाने चाकाला दिलेला जोर तिच्या पिळावरून मोजला जातो आणि त्या प्रमाणात मोटर मदत करते. म्हणजे जिथे पूर्वी आरपार पोकळी होती, तिथे आता भरीव लोखंड आहे. त्याखाली एकदोन युनिव्हर्सल जॉइंट येतात, ज्यांना गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात आणि ज्यांच्यामुळे दांडा कोनात वळूनही फिरू शकतो. कधी एखादे रबरी कपलिंग येते, जे रस्त्याचे हादरे हातापर्यंत येऊ देत नाही. स्टेटर ट्यूब यातून जाऊच शकत नाही. ती कापली जाते. आणि अर्थवर चालणाऱ्या रचनेत रबराचा तो तुकडा परतीची वाट अडवून बसतो, कारण हादऱ्यांसोबत तो विजेलाही थांबवतो. फोक्सवॅगन बीटलच्या कारखान्याने हे आधीच ओळखले होते. तिच्या रबरी चकतीला ओलांडणारी एक छोटी तार मुळातच दिलेली आहे, आणि बीटलचा हॉर्न मुका झाला की जाणता वायरमन इतर काहीही उघडण्यापूर्वी ती तार पाहतो.

काम संपते, गाडी बाहेर निघते, चाक एका बोटाने वळते, मालकाच्या चेहऱ्यावर वीस वर्षे कमी झाल्याचा भाव येतो. फाटकापाशी कोणी आडवे येते आणि तळवा सवयीने आत झुकतो. काहीच होत नाही.

इथे गॅरेजमधला सर्वात सोपा उपाय पुढे येतो: डॅशबोर्डखाली एक बटण बसवून हॉर्नची तार त्याला जोडणे. उपाय स्वस्त आहे, पक्का आहे, त्यात घासणारे काही नाही. हॉर्न तोच, आवाज तोच, तक्रारीला जागा नाही. तरीही ज्यांनी तो स्वीकारला त्यांच्यापैकी पुष्कळांचे समाधान होत नाही, आणि हे असमाधान केवळ हौशी माणसाचा चोखंदळपणा म्हणून सोडून देण्यासारखे नाही. डॅशबोर्डखालच्या बटणापर्यंत हात जातो तो विचार करून जातो. ज्या हालचालीत धोका दिसणे आणि आवाज देणे यांच्यामध्ये काहीच नव्हते, तिथे आता एक आठवण घुसली आहे: बटण कुठे आहे त्याची. जुन्या गाडीत राखायचे काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा वस्तूंच्या भाषेत दिले जाते, हा दिवा मूळचा, हे गादीचे कापड मूळचे, हा हॉर्न मूळचा. पण तळव्यापासून भोंग्यापर्यंतचा जो मार्ग आहे, ज्याला वजन नाही, किंमत नाही, ज्याचा सुटा भाग कोणत्याही यादीत सापडत नाही, त्याच्यावाचून तो मूळचा हॉर्न जाळीमागे बसलेला एक पाहुणा ठरतो.

कायद्याची नजर अर्थातच वस्तूंवर आहे, आणि कायद्याकडून दुसरी अपेक्षाही नसते. भारतात २०२१ साली जे नियम झाले त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ मानली जाते, आणि चेसिस, बाह्य सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. अशा गाड्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही इंग्रजी अक्षरे येतात. हॉर्नविषयी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांची चिंता वेगळी आहे: एकापाठोपाठ निरनिराळे सूर काढणारा किंवा अवाजवी कर्कश हॉर्न नको. बटण कुठे असावे आणि हात तिथे कसा जावा, यावर हे नियम काही बोलत नाहीत. त्यांनी बोलावे असेही नाही.

खरे काम तिथून सुरू होते जिथे कारागीर सोपा उपाय बाजूला ठेवून नव्या दांड्यावर जुन्या बटणासाठी वाट शोधू लागतो. तो बहुधा लेथवर एक नायलॉनसारख्या कठीण प्लास्टिकचा गोल ठोकळा कातून घेतो, कारण कडीला लोखंडापासून अलग ठेवणारे काहीतरी हवे. त्यावर पितळेची कडी चढवतो. तिला बारीक तार जोडून ती चाकाच्या मध्याकडे नेतो. आणि नळकांड्याला आतून एक कार्बन बसवतो, जो पुष्कळदा दुसऱ्याच कसल्यातरी यंत्रातून काढलेला असतो. खालच्या बाजूला प्रत्येक क्रॉस आणि प्रत्येक रबर ओलांडून अर्थची एक लवचीक विणलेली पट्टी टाकावी लागते, आणि चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ती कुठे ताणत नाही ना हे तपासावे लागते. मग रिले येतो. रिले म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू करणारा चुंबकी खटका. जोडीच्या हॉर्नना दहाएक अँपिअर वीज लागू शकते, रिलेच्या चुंबकाला तिचा अगदी लहान अंश पुरतो, म्हणून नाजूक कडीवरून फक्त तो अंश जातो आणि ठिणग्यांनी ती करपत नाही. स्टेटर ट्यूबच्या माथ्यावर दिव्यांचा खटका असलेल्या गाडीत मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे मध्य स्थिर राहिलाच पाहिजे, नाहीतर वळणावर खटकाही चाकाबरोबर फिरेल. तेव्हा नव्या चाकाच्या बुडाशी छोटे बेअरिंग घालून, बटणाला बाहेरून कसातरी आधार देण्याच्या ज्या युक्त्या कारागीर लढवतात, त्या पाहिल्या की मूळची ती साधी नळी किती शहाणी होती हे ध्यानात येते.

चुका इथे भरपूर होतात आणि काहींना विनोदाची बाजूही असते. कडी थोडी वाकडी बसली तर हॉर्न फक्त डाव्या वळणावर वाजतो. तारेचे आवरण एका जागी सोलले गेले तर गाडी प्रत्येक नागमोडी घाटात, कोणी काही न विचारता, आपणहून बोलू लागते, आणि पुढचा ट्रकवाला मागे वळून जे पाहतो त्याला उत्तर देता येत नाही.

अलीकडे यावर एक बिनतारी तोडगाही निघाला आहे. बटणाच्या मागे घड्याळातल्यासारखी नाण्याएवढी बॅटरी आणि एक लहान प्रक्षेपक बसवायचा. दाबले की तो इंजिनाशेजारच्या डबीला संदेश पाठवतो आणि हॉर्न वाजतो. तळव्याची वाट त्यात शाबूत राहते, हे मान्य केले पाहिजे, आणि ज्या दांड्यातून काहीच नेता येत नाही तिथे त्याला पर्यायही नाही. तरी कडी-कार्बनची बाजू थोडी जड वाटते, आणि त्याचे कारण जुनेपणाची ओढ हे नाही. झिजणारा कार्बन आपली झीज आधी कळवतो; आवाज अधूनमधून तुटू लागतो, चाक एका विशिष्ट कोनात असताना दाबावे लागते, चालकाला कळते की आता उघडून पाहायला हवे. नाण्याची बॅटरी एके दिवशी संपते. ज्या वस्तूची गरज वर्षातून एखाद्याच क्षणी प्राणपणाने लागते, तिने मोडण्यापूर्वी थोडे कुरकुरणे हा गुणच आहे.

आता भोंग्याच्या टोकाकडेही वळले पाहिजे, कारण मूळचा हॉर्न कार्यरत ठेवणे म्हणजे फक्त त्याच्यापर्यंत वीज पोहोचवणे नव्हे. पन्नास-साठ वर्षे जाळीमागे पावसाचे पाणी आणि धूळ खात बसलेल्या हॉर्नचे पॉइंट गंजलेले असतात, पडद्याला भोके पडलेली असतात. कित्येक गाड्या मुळात सहा व्होल्टच्या असतात आणि पुढे कधीतरी बारा व्होल्टच्या केलेल्या असतात. सहा व्होल्टची गुंडाळी बारावर जवळपास दुप्पट वीज ओढते, लवकर तापते, आणि तिचा आवाज घशावर ताण दिल्यासारखा फाटतो. तिच्या मार्गात योग्य रोधक घालणे किंवा ती नव्याने गुंडाळून घेणे, हे दोन्ही मार्ग आहेत. मागच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्याने पॉइंटमधले अंतर कमी-जास्त करता येते, आणि तो पाव वळणानेही फिरवला तर स्वर घोगऱ्याचा खणखणीत होतो किंवा पार बसतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असे हॉर्न ढिगात पडलेले सापडतात आणि बॅटरीला दोन तारा लावून विक्रेता ते तिथल्या तिथे वाजवून दाखवतो. घेणारा वाकून ऐकतो, मान हलवतो, पुढचा मागतो.

शंखासारखी गुंडाळलेली नळी असलेले जे जोडीचे हॉर्न मोठ्या गाड्यांत असत, त्यांत एक खालच्या आणि एक वरच्या स्वराचा असे. अनेक जोड्यांत हे स्वर सेकंदाला साधारण चारशे आणि पाचशे कंपनांच्या आसपास असतात, म्हणजे त्यांचे प्रमाण चारास पाच असे पडते, आणि हे प्रमाण आपल्याकडच्या गायकाच्या कानाला परके नाही: षड्ज आणि शुद्ध गंधार यांचेच ते नाते आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तीतून न छेडता उमटणारा जो गंधार ऐकू येतो, त्याचा हा धातूचा, रस्त्यावरचा भाऊ. ज्यांनी हे हॉर्न घडवले त्यांना पाश्चात्त्य स्वरसंवाद हवा होता, तंबोरा त्यांच्या गावी नव्हता. पण दोन्हींचे कान एकाच गणितापाशी पोहोचले. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री असताना नितीन गडकरी यांनी हॉर्नमध्ये बासरी, तबला अशा भारतीय वाद्यांचे सूर असावेत अशी कल्पना जाहीरपणे मांडली तेव्हा तिची बरीच थट्टा झाली. कल्पनेत अडचणी आहेत, आणि बासरी ऐकून कोणी रस्त्यातून बाजूला होईल का, हा प्रश्न खराच. तरी थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी जुन्या जोडहॉर्नमधला गंधार वेगळा ऐकला असेल, हेही विचारण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या वाहतूक नियमांत वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला मनाई आहे आणि उभ्या गाडीतून तो एरवीही वाजवू नये असा नियम आहे. अशा परदेशांत आखलेली बटणे आणि कड्या जेव्हा भारतात आल्या, मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेतून जन्मलेली ॲम्बेसेडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत तयार होत राहिली, माझगावला १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या, फियाटच्या आराखड्यावरची पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनू लागली, तेव्हा त्या बटणांच्या नशिबी एक वेगळाच जन्म आला. इथे हॉर्न इशारा कमी आणि संभाषण जास्त आहे: आलो, जातो, बाजूला हो, दिसतोय ना, अरे तू कसा. ज्या कडीने तिच्या जन्मभूमीत मालकाची हयात काढली असती ती इथे लवकर घासून संपे. मग टॅक्सीवाला ती दुरुस्त करण्यात दिवस घालवत नसे. घराच्या दारावरच्या घंटीचे साधे बटण तो स्टेअरिंगच्या नळकांड्याला पट्टीने बांधी किंवा डॅशबोर्डवर ठोकी, दोन तारा ओढी, आणि धंद्याला निघे. या जोडकामाला गावठी म्हणून नाक मुरडले जाते. वास्तविक स्टेअरिंग बदलल्यानंतर आज जो उपाय सुचवला जातो तोच हा, आणि तो इथल्या रस्त्यांनी फार पूर्वी आपल्या कारणांसाठी शोधलेला होता.

यातून जुनी गाडी पूर्ववत करणाऱ्याची पंचाईत वाढते. ज्या गाडीत दारघंटीचे ते बटण निघते, ज्याच्या पांढऱ्या प्लास्टिकवर बोटाने पडलेला पिवळट खळगा असतो आणि त्याखाली तारेला गुंडाळलेली काळी पट्टी चिकट होऊन लोंबत असते, त्या गाडीचा मूळ मार्ग कोणता मानायचा? कारखान्याने दिलेला मध्यावरचा, जो थोडी वर्षे चालला, की टॅक्सीवाल्याने दिलेला बाजूचा, ज्याच्यावर गाडीने उरलेले आयुष्य काढले? झिजेचा पुरावा मोजला तर दुसऱ्याचे पारडे जड आहे. तळव्याची सवय हीच राखण्याची वस्तू असे म्हणावे, तर तो तळवा कोणाचा, हे विचारणे ओघाने आले. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची अखेरची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. छायाचित्रे निघाली, एखादी गाडी तरी जपून ठेवावी अशी मागणी झाली, तिच्या पिवळ्या छपराविषयी आणि रंगीबेरंगी आतल्या कापडाविषयी पुष्कळ लिहिले गेले. तिचा हॉर्न कोणत्या बटणाने वाजे याची नोंद कुणी करून ठेवण्याचे कारण नव्हते, आणि संग्रहालयात उभ्या केलेल्या गाडीचा हॉर्न सहसा कोणी वाजवतही नाही.

या व्यवहारात रमलेल्या कारागिरांमध्ये एक मतभेद जुना आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. नव्याने टाकलेली कडी, रबराला ओलांडणारी ती विणलेली पट्टी, रिलेची डबी हे सारे दिसू न देता लपवावे, असे एका पक्षाचे म्हणणे; जुन्या कापडाने गुंडाळलेल्या तारेच्या आत नवी तार घालण्यापर्यंत त्यांची मजल जाते. दुसरा पक्ष म्हणतो की बदल उघडा ठेवावा, त्यावर तारीख लिहावी, पुढच्या माणसाला फसवू नये. पहिल्यांचे काम देखणे असते, आणि दुसऱ्यांचे काम दुरुस्त करायला सोपे. मालक बहुधा पहिल्यांकडे जातो आणि वायरमन मनातून दुसऱ्यांच्या बाजूचा असतो. आज एखाद्या गॅरेजात, हलक्या झालेल्या चाकाखाली, लेथवरून नुकतीच उतरलेली एखादी पितळी कडी कोणी बसवत असेल, तर कायद्याचे पन्नास वर्षांचे माप तिलाही कधीतरी लागू पडेल, आणि तोवर तिला घासणारा कार्बन निदान दोन-तीनदा बदलला गेलेला असेल. तेव्हाचा कारागीर ते नळकांडे उघडून त्या कडीला कोणत्या रकान्यात टाकील, मूळच्या की नंतरच्या, हे तेव्हा त्याच्यासमोर कोणता कागद असेल त्यावर अवलंबून राहील, आणि कदाचित बटण दाबून पाहिल्यावर काय ऐकू येते त्यावरही.